काढलेला फोटो

नळाला पाणी आलं होतं, म्हणून सरोजिनीने फोन पहिल्यांदा तसाच वाजू दिला. आठवड्यातून एकदा येणारं पाणी आणि दिवसभर येणारे फोन यांत मान कुणाला द्यायचा, हे तिने केव्हाच ठरवून टाकलं होतं. न्हाणीघरातल्या निळ्या पिंपात पाइप धरून ती स्टुलावर बसली होती. गुडघे ठणकत होते आणि पाणी करंगळीएवढ्या धारेने येत होतं. या शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, चारी दिशांना वस्ती पसरली, पण पाणी आपलं आठवड्यानेच. फोन थांबला आणि पुन्हा वाजू लागला, तेव्हा तिने पाइप पिंपाच्या काठावर कसाबसा टेकवला आणि ओल्या हाताने फोन कानाला लावला. हिमांशू होता, हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा सेक्रेटरी. तिच्या नवऱ्याच्या, वैजनाथच्या, हाताखाली कॅमेरा धरायला शिकलेला. वय चाळिशीला आलं तरी त्याच्या आवाजातलं कॉलेज संपलं नव्हतं. "काकू, ती सापडली," तो म्हणाला. "कोण?" "ती हो, पिवळ्या साडीतली. काकांच्या फोटोतली बाई. मंजुळाबाई नाव आहे तिचं. शेंद्र्याला लेकीकडे राहते." पाइप पिंपातून निसटला आणि आठवड्याचं पाणी फरशीवरून मोरीकडे निघालं. सरोजिनी ते बघत राहिली. उठावं, पाइप उचलावा, एवढं साधं काम. पण त्या घटकेला तिला ते झेपलं नाही.

हिमांशू बोलतच होता. वैजनाथच्या फोटोंचं प्रदर्शन येत्या आठवड्यात होतं. त्याचं निमंत्रण मंडळाने मोबाइलवर सगळीकडे पाठवलं होतं आणि निमंत्रणावर अर्थातच तोच फोटो होता. तो फिरत फिरत शेंद्र्याला पोचला आणि खाली छापलेल्या नंबरवर त्या बाईच्या मुलीने फोन केला. "मुलगी म्हणाली, आई म्हणते फोटो काढा," हिमांशू म्हणाला आणि हसला. "बघा काकू. इतक्या वर्षांनी तिला पुन्हा फोटो काढून घ्यायचाय. मी म्हटलं, काढू की. दोन्ही शेजारी शेजारी लावू, तेव्हाची आणि आताची. मी हॉलच्या धावपळीत आहे, तुम्ही जाल का? बाईमाणूस गेलेलं बरं. मोबाइलवर काढा नुसता, बाकी मी नीट करतो." सरोजिनी म्हणाली, जाईन. आपण इतक्या चटकन हो का म्हटलं ते तिला फोन ठेवल्यावरही कळलं नाही. खरं म्हणजे कळलं होतं. तिला त्या बाईला एक गोष्ट विचारायची होती आणि ती हिमांशूसमोर विचारण्यासारखी नव्हती.

फोटो बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या बरोबर वर होता. या घरात येणारा माणूस आधी त्या बाईला भेटत असे आणि मग घरच्यांना. आटलेल्या तळ्याचं भेगाळलेलं पोट, वर पांढरंफटक आभाळ, एका कोपऱ्यात टँकरची वाट बघत ओळीने मांडलेल्या घागरी आणि हंडे, त्यांत एक लालभडक प्लास्टिकचा, मागे धुळीत धूळ होऊन गेलेली मेंढरं. आणि मधोमध ती, हळदीसारख्या पिवळ्या साडीत, तांबड्या काठाची, मान वळवून समोर बघणारी, ओठ उघडलेले, हसू नुकतंच आलेलं. वैजनाथने फोटोचं नाव ठेवलं होतं 'आशा'. त्याच्या सगळ्या फोटोंची नावं अशीच, 'प्रतीक्षा', 'तृष्णा', 'सांजछाया'. "फोटो काढता की बारसं करता?" असं ती त्याला चिडवायची आणि त्याला ते मनापासून लागायचं. हौशी माणूस, नोकरी बँकेची, कॅमेरा रविवारचा. रंगीत रोल महाग, म्हणून एकेक फोटो तो जपून काढायचा. रंगाचं त्याला वेडच होतं. दुष्काळाचे फोटो सगळे काळेपांढरे काढतात, तो म्हणायचा, जसं काही दुष्काळात माणसांचे डोळे रंग बघायचे थांबतात.

पाहुणे फोटोसमोर थांबले की तो गोष्ट सांगायचा. सत्त्याऐंशी साल, आम्ही सोयगावला होतो, भयंकर दुष्काळ. मी सायकलवरून चाललो होतो आणि एकदम ही समोर. सगळं रखरखीत आणि त्यात हा पिवळा. मी म्हटलं, बाई, अशा दिवसांत पिवळं? तर म्हणाली, साहेब, रंग काय पावसाला विचारून येतो का? इथे वैजनाथ थांबायचा. पाहुणे मान हलवायचे, कुणीतरी वा म्हणायचं. सरोजिनी त्या वाक्याच्या जरा आधी स्वयंपाकघरात निघून जायची. तिच्या आयुष्यातला बराचसा चहा त्या एका वाक्याच्या आडोशाने झाला. कारण ती साडी तिची होती.

आईने पहिल्या दिवाळसणाला घेतलेली. पदराच्या टोकाला इस्त्री टेकून तपकिरी डाग पडला होता, तो फोटोतसुद्धा दिसतो, ज्याला ठाऊक आहे त्याला. सोयगावला तेव्हा ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, ड्यूटीच्या वेळा वेड्यावाकड्या. रोल धुवायला इथे शहरात, शहागंजातल्या स्टुडिओत द्यायचा, तिथून तो मुंबईला जायचा, आणि पंधरवड्याने फोटो हातात यायचे. त्या खेपेला वैजनाथने सगळे फोटो पलंगावर पत्ते मांडावेत तसे मांडले आणि तिला हाक मारली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "ही माझी साडी." "हो," तो म्हणाला, "दोरीवर वाळत होती, पिशवीत घालून नेली. ती बाई मळकट काळ्या लुगड्यात होती गं, फ्रेममध्ये दिसतच नव्हती." "विचारायचं तरी." "तू ड्यूटीवर होतीस." एवढंच बोलणं झालं. त्याने काही लपवलं नव्हतं, हे मान्य करायला हवं. साडी परत आली होती, धुतलेली, घडी घातलेली, धुराचा आणि मेंढरांचा वास असलेली. सरोजिनीने ती पुन्हा नेसली नाही आणि टाकलीही नाही. पुढे कधीतरी बोहारणीकडे गेली असावी.

साडीचं तिला नंतर वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते निऱ्यांचं, आणि तेही लगेच नाही. बऱ्याच महिन्यांनी, फोटोला बक्षीस मिळून, एका बियाणेवाल्याच्या कॅलेंडरावर छापून, मोठा करून, काचेत घालून भिंतीवर आल्यावर. एका सुट्टीच्या दुपारी ती सोफ्यावर शेंगा सोलत बसली होती आणि तिचं लक्ष गेलं. मेंढरांमागे हिंडणारी बाई, जन्मभर काष्टा घालून लुगडं नेसलेली. तिला गोल साडी नेसता येणार नाही. आणि फोटोत साडी गोल नेसलेली आहे, निऱ्या एकसारख्या, शेवटची निरी जरा रुंद ठेवून आतल्या अंगाला वळवलेली. ही तिची स्वतःची पद्धत होती. तिच्या आईची, आईकडून तिची. आणि ती जगात आणखी एकाच माणसाला येत होती. सकाळी ड्यूटीला जायची घाई असली की वैजनाथ खाली उकिडवा बसायचा आणि निऱ्यांचा खालचा घोळ सरळ करून द्यायचा, शेवटची निरी अंगठ्याने आत वळवायचा. लग्नाच्या नव्या दिवसांतलं ते. तो घोळ सरळ करताना काहीतरी वेडंवाकडं बोलायचा आणि तिला हसू यायचं. मग ही साडी त्या बाईला नेसवली कुणी? एवढा एकच प्रश्न. शेंगा सोलून झाल्या, टरफलं तिने गोळा केली, आणि प्रश्न तिथेच राहिला.

तो विषय तिने कधी काढला नाही. आधी वाटलं, काढला तर आपण हलक्या ठरू. मग बदली होऊन ते या शहरात आले, मिहिर झाला, हप्त्याचं घर झालं, दिवस असे भरून गेले की प्रश्नाला बसायला जागा राहिली नाही. पण तो गेला नव्हता. भांडण झालं की ती फोटोकडे बघायची. वैजनाथ आजारी पडला, त्याला अंघोळ घालताना त्याचे बारीक झालेले हात बघून तिला एकदम त्या निऱ्या आठवल्या आणि तिने टॉवेल जरा जोरात ओढला. दीड वर्षापूर्वी तो गेला. सगळ्या जगाचे फोटो काढणाऱ्याचा स्वतःचा धड एकही फोटो निघाला नाही. शेवटी कुणाच्या तरी मुंजीतल्या घोळक्यातून त्याचं डोकं वेगळं करून स्टुडिओवाल्याने मागे निळं आभाळ लावून दिलं. त्या फोटोत तो कुणाचं तरी बोलणं ऐकत असल्यासारखा दिसतो, आणि ते बोलणं तिचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटातून एक नवी साडी काढली. कुणीतरी कुठल्या तरी कार्यात दिलेली, घडी न मोडलेली, पिवळी. बाई फोटो काढून घेणार तर तिला नेसायला द्यावी, दोन्ही फोटो शेजारी शोभतील, असं तिने स्वतःला समजावलं. वैजनाथचीच बुद्धी आपल्याला आली, असंही तिच्या मनात येऊन गेलं. जालना रोडवर रिक्षाला नेहमीची गर्दी होती. चिकलठाण्याच्या पुढे इमारती जरा विरळ झाल्या आणि मग पुन्हा दाट झाल्या. मोसंबीची वाळलेली बाग, तिला लागून प्लॉट विक्रीचा फलक, फलकावर हिरवंगार गवत आणि कारंजं. टँकर मागून हॉर्न वाजवत गेला आणि त्याच्या सांडणाऱ्या पाण्याची रेघ रस्त्यावर वाळत गेली. सोयगावला असताना टँकर आला की लोक धावायचे. इथे तो सोसायटीच्या गेटवर येतो आणि वॉचमन वहीत सही घेतो. दुष्काळसुद्धा शहरात येऊन सुधारला. तिला थकवा वाटला. परत फिरावं, हिमांशूला सांगावं की तब्येत बरी नाही. पण रिक्षा चालली होती आणि थांबवायलाही तोंड उघडावं लागलं असतं.

कंपन्यांच्या मागे भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती. दारात तिची वाट बघत उभी असलेली सुकेशनी, मंजुळाबाईची मुलगी, चाळिशीच्या आतबाहेरची, कंपनीच्या पॅकिंगमध्ये कामाला. "या मॅडम," म्हणाली, पण आवाजात तेवढी गोडी नव्हती. आत खाटेवर एक म्हातारी ताटात तांदूळ निवडत बसली होती. सरोजिनीने तिला ओळखलं नाही. भिंतीवर इतकी वर्षं बघितलेल्या बाईचं या बाईत काहीच नव्हतं, आणि मग तिने मान वळवून वर बघितलं आणि ती मान तीच होती.

"तुमी साहेबाच्या मालकीन व्हय?" मंजुळाबाईने विचारलं.

"हो."

"साहेब?"

"गेले. दीड वर्ष झालं."

"आमचं कारभारी बी गेलं," ती म्हणाली. "करोनाच्या आधी." आणि ताट बाजूला ठेवलं. "बसा."

सरोजिनी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. पाणी प्याली. मग तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि म्हणाली, "हिमांशूने सांगितलं, तुम्हाला फोटो काढायचाय." "व्हय," मंजुळाबाई म्हणाली, "काढा. लई झालं." "मग इकडे दाराजवळ बसता का, उजेड बरा आहे. आणि ही साडी आणली आहे, ही नेसलात तर," असं म्हणत तिने पिवळी घडी पिशवीतून अर्धी बाहेर काढली.  मंजुळाबाई त्या घडीकडे अशी बघत राहिली की सरोजिनीचा हात तिथेच थांबला.

"मॅडम, काय करताव तुमी?" सुकेशनी म्हणाली.

"आईचा फोटो काढतेय."

"आवं, तसा नाय काढायचा. काढून टाकायचाय. त्यो मोबाईलवर फिरतोय ना, त्यो. तुमच्या त्या कार्यक्रमात लावनार हाव, त्यो. म्या त्या दादाला साफ म्हनलं, आईचा फोटो काढा."

"आन् ह्या काढायलाच आल्या," मंजुळाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. रागाच्या पलीकडचं, पार दमलेलं असं काहीतरी होतं, आणि सरोजिनीला ते ओळखीचं वाटलं. नोकरीची सगळी वर्षं तिने लोकांचे तुटके शब्द जोडून दिले होते, खरखरीतून अर्धं नाव ऐकलं की गाव ओळखलं होतं. आणि आता एवढा चार अक्षरांचा निरोप. तिने साडी पिशवीत ढकलली आणि मोबाइल पदराखाली धरला, जसं काही त्याने काही केलं होतं.

मग मंजुळाबाईने सांगितलं. फार सांगावं लागलं नाही. कॅलेंडर सोयगावच्या हॉटेलात लागलं, चहा पिणाऱ्या प्रत्येकाने ते बघितलं. धनगराची बाई आणि गोल साडी. कुणीतरी म्हणालं, बँकेच्या साहेबाने हिला साडी नेसवली. बाईला परक्या माणसाने साडी नेसवली म्हणजे काय होतं, हे सरोजिनीला वेगळं सांगायची गरज नव्हती. "साहेबानं फोटो काढला," मंजुळाबाई म्हणाली, "आन् घरच्यांनी मला काढली. ही सुकी रांगत व्हती. दोन पावसाळं म्या माहेरी काढलं, पाऊस तं कुठं व्हता म्हना. मंग कारभारी आलं घ्यायला. मानूस वाईट नव्हता. पर कुनी कॅलेंडराचं नाव काढलं का जेवता जेवता ताट सारायचा." आता सुकेशनीच्या मुलीची सोयरीक चालली होती, पाहुणे सोयगावकडचेच. नव्या पोरांना काही ठाऊक नव्हतं, जुनी माणसं विसरत आली होती, आणि आता फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये. परवा पाहुण्यांकडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, ही तीच का?

सरोजिनीला जे विचारायचं होतं ते विचारायची आता तिला लाज वाटली. या बाईचं घर मोडता मोडता राहिलं होतं आणि ती स्वतःच्या निऱ्या मोजत बसली होती. पण प्रश्न इतकी वर्षं वाट बघून बघून दमला होता, तो आपणच बाहेर आला. "नेसवली कुणी होती?" तिने विचारलं. मंजुळाबाईने तिच्याकडे नीट बघितलं. एका बाईला दुसरीचं जे कळायचं ते तिला कळलं असावं, कारण तिच्या तोंडावरच्या रेषा हलल्या.

"तुमी बी तेच म्हनत व्हत्या का?" ती म्हणाली. "आवं, म्या म्हनलं, मला गोल नेसता येत नाय. तं साहेबानं काय करावं? गळ्यातला टावेल काढला आन् पँटीवरून कमरेला गुंडाळला. तिथं लांब, बांधावर उभा ऱ्हाऊन. आन् त्या टावेलाच्या निऱ्या घालून दावल्या. आशी एक, आशी दोन, आन् शेवटची आत वळवायची. आमी पान्याला आलेल्या साऱ्या बाया, हासून हासून बेजार. म्या साडी माझ्या हातानं गुंडाळली, लुगड्यावरूनच. आत लुगडं हाय तसंच हाय. आन् साहेब टावेल सोडायचा इसरला. तसाच फोटो काढला. म्हून तं हासलेय म्या. पर फोटुत लुगडं दिसत नाय, आन् टावेल बी दिसत नाय. त्या बाया बी मागनं गप बसल्या. कुनाला सांगावं?"

सरोजिनी हसली. हसू असं काही आलं की तिला थांबवता येईना, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तेही थांबवता येईना. वैजनाथ गेल्यावर ती घरच्यांसमोर रडली होती, दिवसांच्या वेळी रडली होती, पण त्या रडण्यात हा माणूस नव्हता, टॉवेल नेसून उन्हात उभा राहिलेला. तिला त्याची फार आठवण आली आणि त्याचा फार राग आला. एवढी चांगली गोष्ट हातात असताना त्या शहाण्याने आयुष्यभर लोकांना ते पावसाचं वाक्य ऐकवलं. टॉवेलाची लाज वाटली असेल. ती विचारती तर त्याने सांगितलंही असतं, आणि मग त्या दोघांनी मिळून किती वर्षं हसून काढली असती. सुकेशनीने पाण्याचा पेला पुन्हा पुढे केला.

"तुमी कुठं व्हत्या तवा?" मंजुळाबाईने विचारलं. विचारण्यात टोचणी नव्हती. "तुमच्या हातानं साडी दिली आस्ती, तं कुनी बोट दावलं नसतं."

"मी ड्यूटीवर होते," सरोजिनी म्हणाली. आणि तिचं लक्ष मांडीवरच्या पिशवीकडे गेलं.  "आता दिली तर?" तिने विचारलं, आणि हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. "पण माझं हे असं."

"माझं तरी कुठं येगळं हाय," मंजुळाबाई म्हणाली. तिने वर पत्र्याकडे बघितलं. मग सुकेशनीला म्हणाली, "मालनबाईला बोलीव." मालनबाई पलीकडच्या खोलीतली, सोयगावचीच, पाहुण्यांच्या नात्यातली, तिच्या कानावर घातलेलं संध्याकाळच्या आत गावात पोचतं, असं सुकेशनीने जाता जाता हळूच सांगितलं. मालनबाई पदराला हात पुसत आली, तिच्यामागे आणखी दोघी आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. "ह्या कोन?" तिने विचारलं. "त्या फोटुवाल्या साहेबाच्या मालकीन," मंजुळाबाई म्हणाली. सगळ्या सरोजिनीकडे बघू लागल्या.

फोटोमागची गोष्ट सांगायची वेळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. खरी गोष्ट टॉवेलाची होती, आणि मंजुळाबाईने ती सोयगावात सांगून बघितली असणारच. या दारात उभ्या असलेल्या बायकांना टॉवेल ऐकून हसू आलं असतं आणि हसून झाल्यावर त्यांनी तेच मानलं असतं जे आधी मानत होत्या. वैजनाथ इथे असता तर थांबला असता, योग्य जागी थांबायची कला त्याला होती. सरोजिनी उठली. साडी दोन्ही हातांत घेतली. "ती पिवळी साडी माझी होती," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा स्वच्छ निघाला, एक्स्चेंजमधला. "माझ्या आईने घेतलेली. मीच मंजुळाबाईंना दिली होती. यांना गोल नेसता येईना म्हणून मीच नेसवली, निऱ्या मी घातल्या. मी तिथेच उभी होते, फोटो काढताना. माझ्याकडे बघूनच हसल्यात त्या." मालनबाई म्हणाली, "आसं व्हय." सरोजिनी पुढे झाली आणि तिने साडी मंजुळाबाईच्या हातात दिली. म्हातारीचे हात खरबरीत होते. तिने साडी कपाळाला लावली, पदराखाली धरली, आणि सरोजिनीकडे बघितलं. सोयगावच्या त्या बांधावर खरंच कुणीतरी आणखी उभं होतं, असं सरोजिनीला एक क्षण वाटून गेलं.

"आता काढा," मंजुळाबाई म्हणाली.

"काय?" सुकेशनीने विचारलं.

"फोटू काढ म्हनलं. ह्यांचा आन् माजा."

सुकेशनीने मोबाइलवर फोटो काढला. वाईट आला. दारातला उजेड मागून पडला, मंजुळाबाईचे डोळे मिटले गेले, सरोजिनीचं तोंड बोलताना उघडं राहिलं, साडीचा पिवळा तेवढा भडक आला आणि कोपऱ्यात मालनबाईचं कोपर. वैजनाथने तो फोटो क्षणभर हातात धरला नसता. "पाठवा मला," सरोजिनी म्हणाली, आणि मग म्हणाली, "नको, तुमच्याकडेच असू दे." मालनबाईने मात्र तो लगेच स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

घरी येऊन तिने चपला काढल्या आणि पंखा लावून बैठकीच्या खोलीत उभी राहिली. खोटं बोलून आलेल्या माणसाला जी धडधड होते ती नव्हती; नुसता शीण होता, पायांत उतरलेला. ती फोटोसमोर गेली, जिथे पाहुणे उभे राहायचे तिथे. आज तिने निऱ्या बघितल्या नाहीत. ती बाई जिकडे बघत होती तिकडे बघितलं, म्हणजे स्वतःकडेच, आणि तिच्या लक्षात आलं की इथेच, आपण उभ्या आहोत तिथेच, तो उभा होता. सत्तावीस वर्षांचा, उन्हाने लाल झालेला, डोळ्याला कॅमेरा आणि कमरेला टॉवेल, शेवटची निरी आत वळवलेला. या भिंतीवर एवढी वर्षं त्याचाच फोटो लावलेला होता आणि तो स्वतः तेवढा त्यात दिसत नव्हता.  मग सोफ्यावर चढली, गुडघ्यांनी कुरकुर केली, आणि फ्रेम दोन्ही हातांनी उचलून खिळ्यावरून काढली. अपेक्षेपेक्षा जड होती. मागे भिंतीवर एक चौकोन राहिला, घराचा पहिला फिकट हिरवा रंग असलेला. प्रत्येक वेळी रंगारी आला की वैजनाथ त्याला फोटो हलवू द्यायचा नाही.

फोन वाजला तेव्हा ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून टेकवत होती.

"काकू, काढला का फोटो?" हिमांशूने विचारलं.

"काढला."

"कसा आला?"

सरोजिनीने त्या हिरव्या चौकोनाकडे बघितलं. "चांगला आला होता," ती म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं ठेवला. आता काढला. तूही काढ, हिमांशू. निमंत्रणावरचा काढ, हॉलमधला काढ. बाकीचे लाव, हवे तेवढे."

 पलीकडे तो कोणता शब्द कुठे जोडायचा ते शोधत असावा. तिला घाई नव्हती. लाइन तिने चालू ठेवली.